हिमेजीचा किल्ला पाहताना

हिमेजीचा किल्ला जपानच्या ह्योगो प्रांतात, ओसाकाच्या पश्चिमेला रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, हिमेयामा नावाच्या जेमतेम ४५ मीटर उंचीच्या टेकडीवर उभा आहे. टेकडी ठेंगणी असली तरी तिच्यावर सुमारे १५ मीटरचे दगडी जोते आणि त्यावर साडेएकतीस मीटरचा लाकडी मनोरा आहे. त्यामुळे किल्ल्याचे शिखर समुद्रसपाटीपासून ९२ मीटरवर पोहोचते. भोवतालचे शहर सपाट आहे. ओसाकाकडून येणारी गाडी स्थानकात शिरू लागली की उजव्या हाताला घरांच्या वर पांढरी छपरे दिसू लागतात. या पांढऱ्या रंगामुळेच किल्ल्याला ‘शिरासागी-जो’, म्हणजे पांढऱ्या बगळ्याचा किल्ला, असे दुसरे नाव मिळाले आहे.

जपानच्या सहलीत एकच किल्ला पाहायला वेळ असेल, तर तो हिमेजीचा पाहावा. ओसाकाचा बहुपरिचित मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधला गेला. हिरोशिमाचा मनोरा १९५८ चा, तर नागोयाचा १९५९ चा. बाहेरून ते जुने वाटतात, पण प्रत्यक्षात त्या आधुनिक इमारती आहेत. जुना लाकडी मनोरा टिकून राहिलेले किल्ले साऱ्या देशात १२ आहेत. त्यांपैकी हिमेजी, मात्सुमोतो, हिकोने, इनुयामा आणि मात्सुए या पाच मनोऱ्यांना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. या पाचांतही हिमेजी वेगळा ठरतो, कारण इथे नुसता मनोरा उरलेला नाही. दरवाजे, भिंती, खंदक, जोडइमारती आणि वळणावळणाच्या वाटा असा जवळपास सगळा किल्लाच जागेवर आहे. १९९३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जपानची पहिली सांस्कृतिक स्थळे नोंदली गेली, ती म्हणजे नारा प्रांतातील होर्यूजी परिसर आणि हिमेजी.

इथली पहिली गढी चौदाव्या शतकात आकामात्सु घराण्याने बांधली. पुढे ती कुरोदा घराण्याकडे आली. या घराण्यातील कुरोदा कानबेई याने १५८० साली ती आपणहून तोयोतोमी हिदेयोशीच्या स्वाधीन केली. पश्चिम जपान जिंकायला निघालेल्या हिदेयोशीने इथे तीन मजली मनोरा उभारला. विसाव्या शतकात मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा त्या मनोऱ्याच्या पायाचे अवशेष आजच्या मनोऱ्याखाली सापडले.

आजचा किल्ला मात्र इकेदा तेरुमासाचा. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावा इएयासु विजयी झाला आणि त्याने आपला जावई तेरुमासा याला हिमेजी दिले. पश्चिमेकडचे सरदार अजून पुरते नमलेले नव्हते. त्यांच्यावर वचक ठेवणारे भक्कम ठाणे ओसाकाच्या वाटेवर असणे तोकुगावांना गरजेचे होते. १६०१ ते १६०९ या काळात तेरुमासाने ते उभे केले. गंमत अशी की एवढा जामानिमा केलेल्या या किल्ल्यावर नंतर कधी लढाईच झाली नाही. पुढची अडीचशे वर्षे तोकुगावांच्या अमलाखाली शांततेत गेली आणि दबा धरून बसलेल्या साऱ्या यंत्रणा न वापरताच राहिल्या.

किल्ल्यावरची संकटे आली ती नंतर. १८७१ मध्ये सरदारांच्या जहागिऱ्या खालसा झाल्या आणि देशभरचे किल्ले एकाएकी निरुपयोगी ठरले. हिमेजीचा मनोरा लिलावात अवघ्या २३ येनांना गेला, पण पाडण्याचा खर्च परवडेना म्हणून घेणाऱ्याने नाद सोडला, असे सांगतात. पुढे नाकामुरा शिगेतो या लष्करी अधिकाऱ्याने सरकारदरबारी खटपट करून किल्ल्याच्या जतनाची तजवीज केली. जुलै १९४५ च्या हवाई हल्ल्यात भोवतालचे शहर जळून गेले. मनोऱ्यावरही आगीचा एक बॉम्ब पडला, पण तो पेटला नाही. १९५६ ते १९६४ या काळात मुख्य मनोरा पूर्ण उतरवून पुन्हा जोडण्यात आला. २००९ ते २०१५ या दुसऱ्या मोहिमेत छपराची कौले आणि भिंतींचा गिलावा नवा केला. मार्च २०१५ मध्ये मनोरा पुन्हा उघडला, तेव्हा तो नको इतका पांढरा झाल्याची कुरकुर स्थानिकांनीच केली. जुन्या छायाचित्रांतला करडा रंग हा बुरशीचा प्रताप होता. पांढरा हाच त्याचा मूळ रंग आणि तोही काही वर्षांत पुन्हा मळकट होत जातो.

पोहोचणे आणि तिकीट

शिन-ओसाकाहून शिंकानसेनने हिमेजी साधारण अर्ध्या तासाचे आहे, क्योतोहून पाऊण तासाचे. तोक्योहून सुमारे तीन तास लागतात. शिंकानसेनच्या सगळ्या नोझोमी गाड्या इथे थांबत नाहीत, म्हणून आरक्षणापूर्वी थांबा तपासून घ्यावा. रेल्वे पास नसेल तर ओसाका किंवा कोबेच्या सान्नोमिया स्थानकाहून जेआरची ‘शिनकाइसोकु’ ही जलद लोकल घेणे उत्तम. ओसाकाहून ती तासाभरात पोहोचते, तिकीट बरेच स्वस्त पडते आणि आरक्षणाची गरज लागत नाही. ओसाकाहून हिरोशिमाला जाणाऱ्यांनी वाटेत हिमेजीला उतरावे, सामान स्थानकातल्या लॉकरमध्ये ठेवावे, किल्ला पाहावा आणि दुपारच्या गाडीने पुढे जावे. मोठ्या बॅगा घेऊन किल्ल्याच्या जिन्यांवर चढणे शक्य नाही. मोठे लॉकर सकाळीच भरतात, तेव्हा या बाबतीतही लवकर पोहोचलेले बरे.

स्थानकाच्या उत्तर दारातून बाहेर पडताच ओतेमाए-दोरी हा रुंद, सरळसोट रस्ता समोर येतो आणि त्याच्या टोकाला किल्ला दिसतो. अंतर सुमारे एक किलोमीटर, चालत १५ ते २० मिनिटे. बस मिळते, पण हे अंतर चालावेच. किल्ला मुद्दाम अशा जागी बांधला आहे की येणाऱ्याला तो दुरून दिसत राहावा आणि त्याचा परिणाम पायी येणाऱ्यावरच नीट होतो.

किल्ला सकाळी ९ ला उघडतो. संध्याकाळी ५ ला बंद होत असला तरी प्रवेश ४ पर्यंतच मिळतो. २९ आणि ३० डिसेंबरला तो बंद असतो. मार्च २०२६ पासून तिकिटाचे दर बदलले आहेत. शहराबाहेरच्या प्रौढांना २५०० येन आणि हिमेजीच्या रहिवाशांना १००० येन पडतात. १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत आहे. शेजारची कोकोएन बाग पाहायची असल्यास दोन्हींचे जोडतिकीट घ्यावे, त्यासाठी किल्ल्याच्या तिकिटावर थोडेच पैसे जास्त पडतात. बाहेरच्या सान्नोमारु या मोठ्या मैदानात मात्र फुकट फिरता येते. पूर्ण किल्ला पाहण्याची ताकद किंवा इच्छा नसलेल्या ज्येष्ठांनी तिथेच बसून मनोऱ्याचे दर्शन घ्यावे. ते दर्शन कमी प्रतीचे मुळीच नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात किल्ल्याच्या आवारातली सुमारे हजार चेरीची झाडे फुलतात. छायाचित्रांतला हिमेजी बहुधा याच दिवसांतला असतो आणि गर्दीही याच दिवसांत सर्वांत जास्त असते. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची सलग सुट्टी आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोनचा काळही टाळावा. अशा दिवसांत मनोऱ्यात सोडताना रांगा लावतात आणि आत जिन्यावर पुढच्याच्या टाचांखेरीज काही दिसत नाही. नोव्हेंबरचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा, कारण हवा कोरडी असते आणि बागांतली मेपलची झाडे लाल झालेली असतात. जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी जवळपास नसते. मात्र मनोऱ्यात बूट काढून फिरावे लागते आणि लाकडी जमीन बर्फासारखी गार असते, तेव्हा जाड मोजे घालून जावे. जुलै-ऑगस्टमध्ये उलट प्रकार होतो. वरच्या मजल्यांवर उकाडा असह्य होतो आणि पंख्याचा किंवा एसीचा प्रश्नच येत नाही.

दरवाज्यांची वाट

बहुतेक प्रवासी तिकीट काढून थेट मनोऱ्याकडे धावतात, वर जाऊन खिडकीतून बघतात आणि उतरतात. हिमेजीत ही सर्वांत मोठी चूक आहे. मनोरा आतून रिकामा आहे. किल्ल्याची खरी करामत त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेत आहे. म्हणून वेळेची वाटणी उलटी करावी: वाटेला निम्मा वेळ, मनोऱ्याला पाव आणि पश्चिम प्राकाराला पाव. एकूण तीन तास धरले तर घाई होत नाही.

सह्याद्रीतल्या किल्ल्यांना डोंगराचे कडे मिळाले, तसे हिमेयामाला मिळाले नाहीत. त्यामुळे चढणीची अवघड वाट इथे हाताने रचावी लागली. रायगडाच्या महादरवाज्याची गोमुखी रचना ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तिचे मर्म पटकन कळेल. दरवाजा समोरून दिसू नये, शत्रूला वळावे लागावे आणि वळताना त्याची कूस वरच्या सैनिकांपुढे उघडी पडावी, हेच तत्त्व इथे एका दरवाज्यापुरते न ठेवता पुन्हा पुन्हा वापरले आहे.

साकुरामोन पूल ओलांडून, ओतेमोन दरवाज्यातून मैदान पार केले की तिकीटघर लागते आणि त्यानंतर हिशी-नो-मोन. हा किल्ल्याचा सर्वांत मोठा उरलेला दरवाजा आहे. इतर दरवाजे कठोर आहेत, पण याच्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांना कमळाच्या पाकळीसारखी घंटाकृती चौकट आहे. आत गेल्यावर समोर ‘इ’ दरवाजा दिसतो, डावीकडे पश्चिम प्राकाराची वाट फुटते आणि उजवीकडे सान्गोकु-बोरी हा छोटा खंदक लागतो. किल्ल्यातले पुढचे दरवाजे जपानी वर्णमालेच्या जुन्या क्रमाने ओळखले जातात: इ, रो, हा, नि, हो.

इथून सरळ जाणाऱ्याला आपण मनोऱ्याच्या जवळ जातोय असे वाटते. ‘रो’ ओलांडल्यावर मनोरा अगदी समोर, हातभर अंतरावर दिसतो. प्रत्यक्षात वाट त्याला वळसा घालून दूर जाते. ‘रो’ ते ‘हा’ या चढणीच्या उजव्या भिंतीत गोल, त्रिकोणी, चौकोनी आणि उभट आयताकृती जंग्यांची रांग आहे. आयताकृती जंग्या बाणांसाठी, बाकीच्या बंदुकांसाठी. किल्ल्यात अशा सुमारे हजार जंग्या शिल्लक आहेत. त्यांतून डोकावून खालची वाट पाहावी. कुठून कोण टिपला जाईल, ते एका नजरेत कळते. ही चढण जपानी माणसाला दूरचित्रवाणीवरच्या एका जुन्या शोगुन मालिकेमुळे पाठ आहे. मालिकेत ती एदोच्या, म्हणजे तोक्योच्या, किल्ल्यातली म्हणून दाखवली जात असे.

‘हा’ दरवाज्यानंतर वाट एकदम उलट दिशेला फिरते. ‘नि’ दरवाजा कोपऱ्यात दडलेला आणि आत अंधारा आहे. वरच्या खोलीतून खाली भाले चालवता येतील अशी त्याची योजना आहे. याच्या छपराकडे पाहायला विसरू नये, तिथल्या एका कौलावर क्रूस कोरलेला आहे. इतर छपरांच्या कौलांवरही धन्यांची चिन्हे आहेत. इकेदांचे फुलपाखरू आणि तोयोतोमींची किरी वृक्षाची पाने ही दोन चिन्हे ओळखायला सोपी. कोणत्या घराण्याच्या काळात कुठली दुरुस्ती झाली, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. ‘हो’ दरवाजा लोखंडी पट्ट्यांनी मढवलेला आणि इतका लहान आहे की उंच माणसाला वाकावेच लागते. त्याच्या जवळच मातीची एक पिवळसर, गिलावा नसलेली भिंत आहे. पांढऱ्या किल्ल्यात ती वेगळी उठून दिसते. ती हिदेयोशीच्या काळातली मानतात.

यापुढे वाट चक्क खाली उतरू लागते. मनोरा वर असताना उतार लागला की हल्लेखोराला आपण रस्ता चुकलो असे वाटावे, असा हेतू त्यामागे सांगितला जातो. हेतू खरा असो वा नसो, आज चालणाऱ्यालाही इथे क्षणभर संभ्रम पडतो.

वाटेतले दगडही पाहण्यासारखे आहेत. हिदेयोशीच्या काळात दगड कमी पडले, तेव्हा एका गरीब म्हातारीने आपले जाते देऊन टाकले आणि ते पाहून गावोगावचे लोक दगड घेऊन आले, अशी गोष्ट आहे. ते जाते म्हणून ओळखला जाणारा दगड वायव्येकडच्या छोट्या मनोऱ्याच्या जोत्यात जाळीमागे दिसतो. काही ठिकाणी तर प्राचीन थडग्यांच्या दगडी पेट्या उचलून तटात बसवल्या आहेत. त्यावरून बांधकामाची घाई कळते.

मनोऱ्याच्या आत

मनोऱ्याला बाहेरून पाच मजले दिसतात. आत मात्र सहा मजले आणि एक तळघर आहे. प्रवेशाजवळ बूट काढून पिशवीत घालायचे आणि पिशवी सोबत बाळगायची. जिने अरुंद आणि शिडीसारखे चढे आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी आणि कडेवर मूल घेतलेल्यांनी पहिल्या जिन्यापाशीच विचार करावा, कारण वाट एकदिशी असल्याने अर्ध्यातून परतणे अवघड जाते. व्हीलचेअर आत नेता येत नाही. स्वच्छतागृह आधीच गाठावे. तळघरात शौचकूप आहेत, पण ते सतराव्या शतकातले असून कधी वापरलेच गेले नाहीत.

आत फर्निचर नाही, सोनेरी पडदे नाहीत. सरदार इथे राहतच नसे. त्याचा वाडा खाली होता आणि मनोरा वेढा पडल्यास शेवटचा आसरा म्हणून ठेवलेला होता. त्यामुळे पाहायचे ते लाकूडकाम. तळघरापासून वरपर्यंत सुमारे २५ मीटर उंचीचे दोन मुख्य खांब, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, साऱ्या इमारतीचा भार पेलतात. पूर्वेचा मूळचा आहे. पश्चिमेचा आतून कुजला होता, म्हणून १९५६ नंतरच्या दुरुस्तीत बदलला. एवढे लांब एकसंध लाकूड जागेवर आणणे शेवटी जमले नाही, म्हणून हिनोकीच्या दोन वृक्षांचे खोड जोडून तो केला आहे. तो जोड तिसऱ्या मजल्याजवळ शोधावा. भिंतींवर बंदुका आणि भाले टांगण्याच्या खुंट्या रांगेने आहेत. उंच खिडक्यांपर्यंत पोहोचण्यासाठी कडेने कट्टे बांधले आहेत. कोपऱ्यांत शिपाई दबा धरून बसतील अशा चोरखोल्या आहेत. भिंतीच्या बाहेर काढलेल्या भागातील तळाच्या फटींतून जोत्यावर चढणाऱ्यांवर दगड टाकायची सोय होती.

सर्वांत वरच्या मजल्यावर ओसाकाबे देवतेचे छोटे देऊळ आहे. ती या टेकडीची मूळची देवता. तिला खाली हलवल्यावर किल्ल्यात अपशकुन झाले, म्हणून ती पुन्हा वर आणली गेली, अशी समजूत आहे. दक्षिणेच्या खिडकीतून ओतेमाए-दोरी स्थानकापर्यंत सरळ दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे सेतो समुद्राची रेघही. गर्दीच्या दिवशी इथे फार वेळ थांबू देत नाहीत.

खाली उतरल्यावर बिझेन-मारु हा मोकळा चौक लागतो. इथून मनोरा सर्वांत जवळून आणि सर्वांत उंच दिसतो. त्याला जोडून असलेले तीन छोटे मनोरे आणि त्यांच्यातल्या पुलासारख्या खोल्या यांची गुंफण इथेच समजते. भिंतींचा गिलावा चुना, शिंपल्यांची राख, तागाचे तंतू आणि समुद्री शेवाळाचा चिकट अर्क यांचा असतो. तो दिसायला छान म्हणून वापरलेला नाही. लाकडी इमारतीला आग लागू नये म्हणून तो बाहेरच्या प्रत्येक इंचावर, अगदी कौलांच्या सांध्यांवरही चढवला आहे. छपरे दुरून पांढरी दिसतात ती या सांध्यांमुळे.

परतीच्या वाटेवर ओकिकूची विहीर आहे. दहा थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ येऊन मारली गेलेली दासी ओकिकू रात्री विहिरीतून नऊपर्यंत मोजते, ही कथा जपानमध्ये कठपुतळीच्या खेळापासून काबुकीपर्यंत सगळीकडे पोहोचली आहे. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे.

पश्चिम प्राकार ऊर्फ निशि-नो-मारु थकवा आल्यामुळे अनेकजण सोडून देतात. तसे करू नये, कारण किल्ल्याचा माणसाळलेला भाग तो एवढाच. १६१७ साली इकेदांच्या जागी होंडा तादामासा आला. त्याचा मुलगा तादातोकी आणि सून सेनहिमे यांच्यासाठी हा भाग उभारला गेला. सेनहिमे ही इएयासुची नात. लहानपणीच तिचे लग्न हिदेयोशीच्या मुलाशी, तोयोतोमी हिदेयोरीशी, लावले होते. १६१५ मध्ये तिच्या आजोबांनीच ओसाकाचा किल्ला पाडला आणि त्यात तिचा नवरा मरण पावला. हिमेजीत तिला दहाएक वर्षांचा संसार लाभला. १६२६ मध्ये तादातोकीही गेला आणि ती एदोला परतली. तिच्या दासींच्या खोल्यांची दोनशेहून अधिक मीटर लांबीची ओसरी आणि शेवटचा शृंगारमहाल आजही चालत पाहता येतो. या ओसरीतून समोर ओतोकोयामा टेकडी दिसते. तिच्यावर सेनहिमेने बांधवलेले तेनमानगू देऊळ आहे आणि ती रोज इथूनच त्याला नमस्कार करी, असे सांगतात. वेळ असल्यास या टेकडीवर जावे, तिथून किल्ल्याचे पश्चिमेकडून दर्शन होते.

कोकोएन आणि संग्रहालये

किल्ल्याच्या पश्चिमेला, खंदकापलीकडे, कोकोएन ही साडेतीन हेक्टरची बाग आहे. ती जुनी नाही, १९९२ साली उघडली. मात्र जिथे सरदाराचा पश्चिमेकडचा वाडा आणि सामुरायांची घरे होती, त्याच जागी उत्खननात सापडलेल्या आराखड्यानुसार ती नऊ भागांत विभागली आहे. म्हणून गल्ल्या, मातीच्या भिंती आणि छोटी फाटके यांच्यामधून चालताना मनोऱ्यात न दिसलेला नगराचा भाग डोळ्यांपुढे येतो. सर्वांत मोठा भाग सरदाराच्या वाड्याच्या बागेचा, तळ्याचा आणि धबधब्याचा. बांबू, पाइन आणि रोपवाटिकेचे भाग तुलनेने किरकोळ आहेत. सोजुआन या चहागृहात चटईवर बसून माच्चा आणि त्यासोबत घेवड्याच्या गोड सारणाची मिठाई घेता येते. शाकाहारी माणसाला निर्धास्तपणे खाता येईल अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक. बागेला तासभर द्यावा. किल्ला पाहून थकल्यावर हीच जागा बसायला योग्य.

किल्ल्याच्या पूर्वेला विटांच्या लाल इमारतीत शहराचे कला संग्रहालय आहे. ही इमारत पूर्वी लष्कराचे कोठार होती, युद्धानंतर नगरपालिकेचे कार्यालय झाली. ईशान्येला ह्योगो प्रांताचे इतिहास संग्रहालय आहे. त्याची रचना केन्झो तांगे यांची, म्हणजे हिरोशिमाचे शांती स्मारक संग्रहालय उभारणाऱ्या वास्तुकाराची. त्याच्या काचेच्या भिंतीत किल्ल्याचे प्रतिबिंब पडते. साहित्य संग्रहालय तादाओ आंदो यांनी बांधले आहे. वास्तुकलेत रस असणाऱ्याने नुसत्या इमारतीसाठी इथे जावे. आतली माहिती बहुतेक जपानीत आहे. संग्रहालये सोमवारी बहुधा बंद असतात.

शोशा पर्वतावरचे एंग्योजी

हिमेजीत मुक्काम करण्याचे खरे कारण म्हणजे एंग्योजी. शहराच्या वायव्येला ३७१ मीटर उंचीच्या शोशा पर्वतावर तेंदाई पंथाचे हे बौद्ध मंदिर आहे. ते ९६६ साली शोकु या भिक्षूने स्थापन केले. पश्चिम जपानमधील कान्नोनच्या ३३ स्थानांच्या प्रसिद्ध यात्रेतले हे सत्ताविसावे स्थान. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. यात्रेकरू पांढरा अंगरखा घालून, हातात काठी आणि शिक्के घ्यायची वही घेऊन येताना दिसतात.

हिमेजी स्थानकाहून आठ क्रमांकाची बस अर्ध्या तासात रोपवेच्या पायथ्याशी सोडते. रोपवे चार मिनिटांत वर नेतो, पण मंदिर तिथे नसते. पुढे जंगलातल्या चढणीवर १५ ते २० मिनिटे चालावे लागते. चालवत नसेल तर पैसे देऊन छोटी बस मिळते. रोपवेची शेवटची फेरी ऋतूनुसार बदलते आणि कधीकधी देखभालीसाठी तो बंद असतो, म्हणून चढण्यापूर्वीच परतीची वेळ बघून ठेवावी.

पहिली मोठी वास्तू माणिदेन. कड्याच्या उतारावर उंच खांबांवर उभे असलेले हे सभागृह १९२१ च्या आगीत जळाले आणि १९३३ मध्ये पुन्हा बांधले गेले. बहुतेक लोक इथे छायाचित्र काढून परततात. आणखी दहा मिनिटे पुढे गेल्यावर मोठ्या अंगणाच्या तीन बाजूंना दाइकोदो, जिकिदो आणि जोग्योदो ही लाकडी सभागृहे येतात. जिकिदो ही भिक्षूंच्या भोजनाची आणि निवासाची दुमजली इमारत आहे. आत सूत्रे लिहून काढण्याची सोय आहे. ‘द लास्ट सामुराय’ या २००३ च्या चित्रपटाचे काही चित्रण या अंगणात झाले. त्यानंतर परदेशी पर्यटकांची संख्या वाढली, तरी किल्ल्याच्या मानाने इथली वर्दळ नगण्य. जवळच होंडा सरदारांच्या समाध्या आहेत. हिदेयोशीने पश्चिमेच्या मोहिमेत याच पर्वतावर तळ दिला होता. सगळे मिळून अर्धा दिवस लागतो. किल्ला सकाळी, एंग्योजी दुपारी असे एका दिवशी होते, पण हिवाळ्यात लवकर अंधारते, त्यामुळे वेळेत निघावे.

खाणे आणि कलाकुसर

हिमेजीचा मान आनागोला, म्हणजे सेतो समुद्रातल्या वामला, आहे. भातावर भाजलेला आनागो स्थानकाजवळच्या अनेक ठिकाणी मिळतो. दुसरा पदार्थ आल्याच्या सोया सॉसमध्ये बुडवून खायचा ओदेन. शाकाहारी व्यक्तींना अडचण येते ती दाशीची. भाज्यांच्या, टोफूच्या किंवा नूडल्सच्या पदार्थांतही रस्सा बहुधा माशाचा असतो आणि ‘मांस नाही’ असे सांगून चालत नाही. ‘माशाचा दाशीही नको’ असे जपानीत लिहून घेतलेला कागद दाखवावा. एंग्योजीच्या जुर्योइन या उपमंदिरात ठरावीक हंगामात, आधी नोंदणी करून, भिक्षूंचे शाकाहारी जेवण मिळते. तारखा जुळत असतील तर ते घ्यावे.

आठवण म्हणून प्लास्टिकचे किल्ले घेण्यापेक्षा म्योचिन घराण्याची लोखंडी घंटिका घ्यावी. पूर्वी चिलखते घडवणाऱ्या या लोहारांनी चिलखतांची गरज संपल्यावर शेगडीचे चिमटे केले आणि पुढे तेच चिमटे एकत्र टांगून वाऱ्यावर वाजणारी घंटिका बनवली. या भागातले पांढरे कमावलेले कातडेही प्रसिद्ध आहे.

१४ आणि १५ ऑक्टोबरला हिमेजीच्या पूर्वेकडील मात्सुबारा हाचिमान देवळाचा नादा-नो-केंका उत्सव होतो. पालख्या खांद्यावर घेतलेले गट त्या एकमेकांवर आदळतात. सान्यो रेल्वेच्या शिराहामा-नो-मिया स्थानकावर उतरून तिथे जाता येते. गर्दी फार असते, तेव्हा कडेच्या उंच भागावरून पाहावे.

ज्यांना इकेदांचा माग पुढे काढायचा आहे, त्यांनी दुसऱ्या दिवशी ओकायामा गाठावे. वेगवान शिंकानसेनने ते वीसएक मिनिटांवर आहे. तेरुमासाचा नातू मित्सुमासा लहानपणी हिमेजीचाच सरदार होता. पुढे त्याच्याकडे ओकायामा आले. मित्सुमासाचा मुलगा त्सुनामासा याने तिथे १६८७ ते १७०० या काळात कोराकुएन ही बाग करवली. जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान, ऊर्फ पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच कोराकुएनच्या धर्तीवर केलेले आहे. मूळ बाग त्याहून खूपच मोठी, सुमारे १३ हेक्टरांची आहे आणि तिच्या मोकळ्या हिरवळीच्या पार्श्वभूमीला ओकायामाचा काळा किल्ला दिसतो. तो किल्ला जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि १९६६ साली काँक्रीटमध्ये उभा राहिला. हिमेजी आदल्या दिवशी पाहिलेला असेल तर या मनोऱ्यात जाण्यात वेळ घालवू नये. नदीवरचा पूल ओलांडून थेट बागेत जावे.